दादीची पुतळी

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको इटलीला जाऊन आलो. आमची लेक तिकडे पादुआच्या विद्यापीठात गेली तीन वर्षं संशोधन करते. बारा दिवसांचा मुक्काम होता. विमान व्हेनिसलाच उतरणार होतं, म्हणून पहिले तीन दिवस तिनं व्हेनिससाठी राखून ठेवले. "इतक्या लांब येऊन व्हेनिस न बघता गेलात तर कोल्हापुरात लोक हसतील, अब्बा," असं तिनं फोनवरच सांगून टाकलं होतं.

बायकोनं बॅगेत कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चळत भरली. मी माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात कापसात गुंडाळलेली दादीची पुतळी ठेवली.

पुतळी म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सोन्याच्या पातळ, गोल चकत्यांची माळ असते. प्रत्येक चकतीवर दोन माणसं कोरलेली असतात, एक उभं, एक वाकलेलं. आजही गुजरीत ती माळ घडवून मिळते. माझ्या दादीच्या माळेत एकवीस पुतळ्या होत्या. शेजारच्या काकू त्या पुतळीवरच्या जोडीला राम-सीता म्हणायच्या आणि दादीला गमतीनं विचारायच्या, "चाची, गळ्यात राम-सीता घालून नमाज कशी चालते तुम्हाला?" दादी हसायची. नमाजाला उभी राहण्याआधी मात्र माळ काढून उशीखाली ठेवायची. एकदा कुणी मौलवीसाहेब घरी आले आणि म्हणाले, ही तस्वीर आहे, वितळवून टाका. दादीनं सरळ उत्तर दिलं, "पूजा कौन करताय इसकी? सोना हाय, अडीनडीकू लगताय."

आणि ते अडीनडीला लागलंच. अब्बांच्या शिक्षणाला तीन गेल्या. दोन फुफ्फूंच्या लग्नांत आठ गेल्या. १९७२ च्या दुष्काळात चार. घराची मागची भिंत बांधताना दोन. दादी गेली तेव्हा माळेचा दोरा नव्हताच, डब्यात चार सुट्या पुतळ्या होत्या. तीन आजारपणांनी नेल्या. शेवटची अम्मानं माझ्या हाती दिली आणि म्हणाली, ही नातीची.

तर ती नातीला द्यायची होती. आणि तिला एक प्रश्नही विचारायचा होता. परत कधी येणार? पुतळी पाकिटात होती आणि प्रश्न डोक्यात, दोन्ही सांभाळत मी विमानातून उतरलो.

आम्ही राहिलो मेस्त्रेला. समुद्राच्या अलीकडे, जमिनीवरचं हे गाव. व्हेनिसमधल्या खोल्या आमच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. मेस्त्रेहून रेल्वे निघते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना पाणी लागतं. हा पूल १८४६ सालचा. त्याआधी हजार वर्षं या शहरात होडीशिवाय कुणाला येता आलं नव्हतं. स्टेशनाबाहेर पडलं की पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली मोठा कालवा. रिक्षा नाही, हॉर्न नाही. बायको पायरीवरच बसली. म्हणाली, "अहो, हे तर आपल्या पुरासारखं आहे. फक्त लोक फोटो काढतायत."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या घरात कमरेएवढं चढलं होतं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसमध्येही भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं. १९६६ नंतर एवढं पाणी तिथे आलं नव्हतं. आता त्यांनी समुद्राच्या तोंडाशी लोखंडी दारं बसवली आहेत. मोठी भरती येणार असली की ती पाण्याखालून वर उचलतात. २०२० पासून ती वापरात आहेत. आपल्याकडे पुराच्या आधी तलाठी येऊन सांगून जातो. असो.

मोठ्या कालव्यातून जाणाऱ्या पाणबसचं एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणजे आपले साडेआठशेच्या वर रुपये. बायकोनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. शेजारून एक हातगाडीवाला जात होता, तसा एक होडीवाला चालला होता. होडीत पाण्याच्या बाटल्या, कोबी आणि एक वॉशिंग मशीन. या शहराचा भाजीपाला, कचरा, रुग्ण, मयत, सगळं पाण्यावरूनच जातं. घरं उभी आहेत ती चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. चिखलात हवा पोचत नाही म्हणून शेकडो वर्षं ते लाकूड कुजलेलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर लेकीनं उजवीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या दगडाची लांबलचक इमारत, खाली कमानींची रांग, वर पुन्हा कमानींची रांग. "अब्बा, ही तुर्कांची सराई."

इटालियनमध्ये तिला फोंदाको म्हणतात. अरबीतल्या 'फुंदुक'वरून आलेला शब्द, अर्थ सराई. १६२१ साली व्हेनिसच्या सरकारनं ही जुनी हवेली उस्मानी व्यापाऱ्यांना राहायला आणि माल ठेवायला दिली. आत नमाजासाठी खोली होती, हमाम होता. पण अटीही होत्या. हत्यारं बाहेर ठेवायची. बायकांना आत आणायचं नाही. बाहेर दिसणाऱ्या खिडक्या बंद. आणि रात्री दाराला कुलूप, तेही बाहेरून. त्यांच्याच सुरक्षेसाठी, असंही सांगितलं जायचं. या अटींवर लोक राहिले, लोकर, कातडी, मेण विकत राहिले. १८३८ पर्यंत ही सराई चालली.

आता तिथं निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे. आत गेलो तर समोर डायनोसॉरचा सांगाडा. मी तुर्कांची एखादी खूण सापडते का म्हणून खोल्याखोल्यांतून फिरलो. मासे होते, शिंपले होते, भुसा भरलेले प्राणी होते. बायको म्हणाली, "सगळ्यांना जागा दिली की यांनी."

संध्याकाळी मेस्त्रेत परत आलो. स्टेशनाजवळ एका दुकानाची पाटी बंगालीत होती. लेकीनं सांगितलं, इथे बांगलादेशी लोक खूप आहेत. पलीकडच्या मार्घेराच्या गोदीत जहाजं बांधायच्या कामावर आहेत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आहेत, मुखवटे आणि पर्सा विकणाऱ्या दुकानांत आहेत. आम्ही जिथं जेवलो तिथला दुकानदार मोडक्या हिंदीत गप्पा मारत होता. मी विचारलं, व्हेनिसमध्ये मशीद कुठे आहे? तो म्हणाला, तिकडे नाही भाईसाब, जुम्मा इकडेच. मग लेकीनं २०१५ ची हकिकत सांगितली. तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात आइसलँडच्या वतीनं एका कलावंतानं कित्येक वर्षं बंद असलेल्या चर्चमध्ये मशीद मांडली होती. कलाकृती म्हणूनच. लोक तिथे खरंच नमाज पढू लागले. दोन आठवड्यांत पोलिसांनी ती बंद केली.

"म्हणजे या शहराला नमाजाची जागा मिळाली ती एकदा सराईत आणि एकदा प्रदर्शनात," मी म्हटलं. लेक काही बोलली नाही.

खोली एवढी लहान होती की मुसल्ला एकच पसरता येत होता. आम्ही आळीपाळीनं इशा पढलो. मी आणि बायको चारऐवजी दोन रकात पढलो. जे वाचक मुसलमान नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, प्रवाशाला ही सवलत आहे. घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे गेलात आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असाल, तर चार रकातींच्या फर्ज नमाजाच्या दोनच पढायच्या. याला कस्र म्हणतात. लहानपणी मला ही सवलत फार आवडायची. बसनं कुठे लांब निघालो की अब्बा मोठ्यानं सांगायचे, "आज आपण मुसाफिर." तो शब्द ऐकला की सुटी लागल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सॅन मार्कोच्या चौकात गेलो. जगातले सगळे कबुतरं आणि सगळे मोबाइल तिथे जमलेले होते. चर्चच्या दर्शनी भागावर, उजव्या टोकाच्या कमानीत रंगीत काचतुकड्यांचं एक चित्र आहे. त्यात फेटे बांधलेली माणसं नाक मुरडून मागे सरताना दिसतात. ही गोष्ट अशी. ८२८ साली व्हेनिसच्या दोन व्यापाऱ्यांनी इजिप्तच्या इस्कंदरियातून संत मार्कचं शव चोरून आणलं. बंदरावरच्या मुसलमान तपासनीसांनी टोपलीत हात घालू नये म्हणून वर डुकराचं मांस पसरलं. तपासनीस तोबा तोबा करत बाजूला झाले आणि संत व्हेनिसला पोचला. एवढ्या मोठ्या चर्चच्या तोंडावर या लोकांनी आपली चोरी अभिमानानं चितारून ठेवली आहे. मला हसू आलं. कस्टमवाल्यांना चुकवायच्या युक्त्या आखातातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांनाही माहीत आहेत, पण ही सगळ्यांच्या वरताण.

त्या चौकातच कोरेर नावाचं संग्रहालय आहे. लेकीनं तिथे मुद्दाम नेलं, कारण तिथे नाणी आहेत. पुतळीचं मूळ व्हेनिसमध्ये आहे हे मी कुठेतरी वाचलं होतं, तिला बोललोही होतो. तिनं ते लक्षात ठेवलं होतं.

काचेआड रांगेनं सोन्याच्या चकत्या मांडल्या होत्या. मी वाकून पाहिलं आणि दादीचा गळा आठवला. तीच दोन माणसं. एक उभं, एक गुडघ्यावर वाकलेलं, मधे उभी काठी. हे व्हेनिसचं डुकाट. १२८४ मध्ये पहिल्यांदा पाडलं गेलं आणि १७९७ मध्ये नेपोलियननं हे राज्य बुडवेपर्यंत जवळपास त्याच रूपात, त्याच साडेतीन ग्रॅम वजनात, त्याच शुद्ध सोन्यात पाडलं जात राहिलं. पाचशे वर्षं ज्याचा कस बदलला नाही ते नाणं कुणीही घेईल. मिरी, मसाले, कापड विकत घ्यायला ते इजिप्त, येमेनमार्गे आपल्या किनाऱ्यावर आलं, घाट चढलं आणि बायकांच्या गळ्यात गेलं. त्यावरची आकृती म्हणून लोकांनी त्याला पुतळी म्हटलं.

आणि ती दोन माणसं कोण? उभा आहे तो संत मार्क. गुडघ्यावर आहे तो व्हेनिसचा राज्यप्रमुख, संताच्या हातून निशाण घेतो आहे. काकूंची राम-सीता, मौलवीसाहेबांची तस्वीर, ती प्रत्यक्षात इस्कंदरियातून डुकराच्या मांसाखाली लपवून आणलेला संत निघाली. मी ही जोडणी लेकीला सांगितली तेव्हा ती एवढी हसली की पहारेकरी वळून बघायला लागला.

मी पाकिटातून कापूस काढला, पुतळी तळहातावर घेतली आणि काचेशेजारी धरली. तेव्हा फरक दिसला. काचेआडच्या नाण्यावर कडेनं लॅटिन अक्षरं स्पष्ट होती. आमच्या पुतळीवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होत्या. म्हणजे ही खरी व्हेनिसची नव्हतीच. आपल्याकडच्या कुणा सोनारानं, खरं नाणं समोर ठेवून पाडलेली नक्कल होती. त्याला ती लिपी येत नव्हती. पण अक्षरांच्या जागी काहीतरी असायला पाहिजे एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं रेघा मारल्या. सोनं मात्र खरं घातलं.

लेक म्हणाली, "थांबा, याची उलटी गोष्ट पण आहे." आणि तिनं मला पागानिनी बाप-लेकांची गोष्ट सांगितली. १५३७-३८ च्या सुमाराला व्हेनिसमधल्या या छापखानेवाल्यांनी अरबी खिळे पाडून अख्खं कुरआन छापलं. जगातलं पहिलं छापील कुरआन. उस्मानी राज्यात विकायचा बेत असावा. पण त्यांना अरबी नीट येत नव्हती. अक्षरांवरचे नुक्ते चुकले, शब्द चुकले. धंदा बुडाला आणि सगळ्या प्रती नाहीशा झाल्या. इतक्या की असं काही छापलंच नव्हतं, असं लोक म्हणू लागले. १९८७ मध्ये अँजेला नुओव्हो या संशोधिकेला व्हेनिसच्याच सान मिकेले बेटावर, फ्रान्सिस्कन साधूंच्या ग्रंथालयात एक प्रत सापडली.

मी त्या पुतळीकडे पाहत उभा राहिलो. इकडचा सोनार तिकडची अक्षरं न समजता ठोकत होता, तिकडचा छापखानेवाला इकडची अक्षरं न समजता छापत होता. दोघांच्याही चुका झाल्या. पण दोघांनाही समोरच्याची वस्तू हवी होती. आज आपण एकमेकांची लिपी शिकायच्या ऐवजी पाट्या पुसतो.

संग्रहालयाबाहेर, समुद्राच्या बाजूला जुनी टांकसाळ आहे. तिचं नाव झेक्का. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आला. आपला शिक्का तोच. म्हणजे ज्या घरात दादीच्या पुतळीची मूळ आई जन्मली त्या घराचं नाव दादीला समजलं असतं.

त्या रात्री मला निकोलाव मनुची आठवला. शिवचरित्र वाचणाऱ्यांना तो माहीत असतो. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत हा शिवाजी महाराजांना भेटला, बोलला आणि ते त्यानं लिहून ठेवलं. तो व्हेनिसचाच पोरगा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना घरातून पळून जहाजावर चढला. तोफखान्यात राहिला, वैद्यकी केली, म्हातारपणी मद्रासकडे स्थिरावला. व्हेनिसला परत आला नाही. त्याचं हस्तलिखित मात्र त्यानं इकडे पाठवलं. त्याच्या बापानं किती वर्षं वाट पाहिली असेल, हे कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पूर्वी मनुचीबद्दल वाचताना हा बाप माझ्या डोक्यातही आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही घेट्टोत गेलो.

घेट्टो हा शब्द जगाला या जागेनं दिला. इथे पूर्वी धातू ओतायची भट्टी होती, तिच्या नावावरून आला असं मानतात. २९ मार्च १५१६ रोजी हुकूम निघाला की व्हेनिसमधल्या ज्यूंनी या एका बेटावरच राहायचं. चहूबाजूंनी कालवा. फाटकं रात्री बंद. कालव्यातून पहाऱ्याच्या होड्या फिरायच्या, आणि पहारेकऱ्यांचा पगार आत कोंडलेल्यांनीच द्यायचा. जागा वाढवता येईना म्हणून घरं वर वाढली. सात-सात मजले, बुटकी छतं. खिडक्यांच्या रांगा मोजताना मान दुखते. बाहेरून साधी दिसणारी पाच प्रार्थनागृहं या घरांच्या वरच्या मजल्यांवर आहेत.

चौकाच्या एका कडेला 'लाल बँक' आहे. ज्यूंना इथे राहू द्यायची एक अट अशी होती की त्यांनी शहरातल्या गरिबांना गहाणावर कर्ज द्यावं. पावती लाल कागदावर मिळायची. व्हेनिसच्या गरीब बायका दागिने घेऊन दिवसा इथे येत असतील. ज्यांना रात्री कुलूप लावायचं त्यांच्याकडेच दिवसा अडीनडीला जायचं. मला दादीची माळ आठवली. तिच्या पुतळ्या ज्या सावकारानं घेतल्या, तो तिला ओट्यावर बसवायचा आणि चहा वेगळ्या कपात द्यायचा. दादीनं ते कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गोष्टीतला एक तपशील म्हणून सांगितलं.

१७९७ मध्ये फाटकं काढून जाळली गेली. गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. चौकातल्या विटांच्या भिंतीवर काशाचे पट लावले आहेत. त्यांत माणसांना गाड्यांत कोंबताना दाखवलं आहे. डिसेंबर १९४३ पासून इथून दोनशेच्या वर ज्यूंना धरून नेलं, बहुतेकांना आउशविट्झला. फरसबंदीत जागोजागी पितळी चौकोन बसवले आहेत. एकेकावर एकेक नाव, जन्मसाल, पकडल्याची तारीख. त्या वेळी ज्यूंच्या पंचायतीचे प्रमुख होते डॉक्टर ज्युसेप्पे योना. त्यांच्याकडे शहरातल्या ज्यूंची यादी मागितली गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. यादी दिली नाही.

यादी या शब्दापाशी मी जरा थांबलो. लेकही थांबली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

चौकात मुलं फुटबॉल खेळत होती. कोपऱ्यात बंदूकधारी पहारा होता. हा आजचा, आतल्यांच्या संरक्षणासाठी. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. बायकोनं भाकरी आणि चटणी काढली. मी प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात लेकच बोलायला लागली.

"अब्बा, पुण्यात मी अकरा घरं पाहिली होती. तुम्हाला मी चार सांगितली होती."

मला चारच माहीत होती. नोकरी लागल्यावर ती पुण्यात घर शोधत होती. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, अनामत, किल्ली कधी. मग पूर्ण नाव विचारलं जायचं आणि घर नुकतंच गेलेलं असायचं. तिच्या शुद्ध मराठीमुळे लोकांना आधी कळायचं नाही, म्हणून नाव सांगितल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. शेवटी ती एका मैत्रिणीकडे खाटेपुरती जागा घेऊन राहिली. आम्हाला तिनं सांगितलं होतं, ऑफिस जवळ पडतं म्हणून.

"इथे मिळालं का लगेच?" बायकोनं विचारलं.

"कुठलं! इथेही सहा ठिकाणी नकार आला. नाव ऐकून, उच्चार ऐकून फोन ठेवून दिले." ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "पण अम्मी, इथे मी परकी आहेच. परक्याला परकं म्हटलं तर राग येतो, रडू येत नाही. पुण्यात प्रत्येक वेळी मी रडले."

मी शिक्षक होतो. पस्तीस वर्षं मराठी शिकवली. आपली भाषा आपलं घर असते, हे वाक्य मी किती वर्गांत, किती समारंभांत बोललो असेन. ते वाक्य त्या बाकावर मला सुचलं, पण बोलवलं नाही. माझ्या लेकीनं तीच भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलून अकरा दारं वाजवली होती.

बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पाकीट काढलं आणि पुतळी तिच्या हातात दिली. कापसासकट.

"ही तुमच्याकडेच राहू दे की, अब्बा."

"दादीनं तुझ्यासाठी ठेवली आहे. नातीची म्हणून."

तिनं ती उलटसुलट करून पाहिली. त्या सोनारानं मारलेल्या रेघांवरून नख फिरवलं. मग विचारलं, "आणि विकायची वेळ आली तर?"

"तर विक. वीस अशाच विकल्या गेल्या. तेवढ्यासाठीच असते ती."

परत येणार का, हे मी विचारलं नाही. ती आधी बोलली म्हणून नव्हे. मुलीला परत ये म्हणायचं तर तिथे तिला घर मिळेल असं सांगता आलं पाहिजे. ते सांगायची माझी तयारी नव्हती.

स्टेशनाकडे परतताना रियाल्टो पुलापर्यंत वळसा घेतला. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत आकड्यांची पाटी आहे. शहरात आज किती लोक राहतात तो आकडा तिच्यावर दिसतो. १९५१ मध्ये पावणेदोन लाख होते. आता पन्नास हजारही नाहीत. घरं पाहुण्यांना भाड्यानं जातात, मुलं कामासाठी बाहेर जातात. ज्या शहरानं कुणी कुठे झोपायचं याचे एवढे हुकूम काढले, ते आता राहिलेली माणसं मोजत बसलं आहे.

रात्री मेस्त्रेच्या खोलीत बायको म्हणाली, आज शेवटची रात्र, उद्या पादुआला जायचं, आज जमातीनं पढू. लेकीनं खुर्ची आणि बॅगा पलंगावर टाकल्या. पलंग भिंतीला सरकवला. मुसल्ल्याच्या जोडीला दोन चादरी पसरल्या. मी पुढे उभा राहिलो, मागे माय-लेकी.

इमाम मुसाफिर असला तर त्यानं सांगायचं असतं, मी मुसाफिर आहे, जे इथले रहिवासी आहेत त्यांनी आपली नमाज पूर्ण करावी. घरच्या तिघांत हे काय सांगायचं, म्हणून मी सांगितलं नाही. खरं म्हणजे ध्यानातच आलं नाही. दोन रकाती झाल्या, मी उजवीकडे सलाम फेरला, डावीकडे फेरला. बायकोनंही फेरला.

मागे कपड्यांची सळसळ झाली. लेक उठून उभी राहिली होती. तिच्या दोन रकाती बाकी होत्या. पादुआ इथून अर्ध्या तासावर. ती प्रवासात नव्हती.

मी वळून बसलो नाही. तोंड किबल्याकडे ठेवून तसाच बसून राहिलो, तिचं होईपर्यंत. मग तिघांनी मिळून दुआ मागितली.